सरांचं ‘आपण’

सरांनी मला पहिल्यांदा ‘आपण’ म्हटलं, तेव्हा माझ्या अंगावर भिंत पडायच्या बेतात होती.

अग्निशमन दलात लागून मला तीनच महिने झाले होते. स्वारगेटच्या बाजूला एका बेकरीच्या मागच्या खोलीला आग लागली होती. ती जवळजवळ विझली होती आणि मी ब्रांच, म्हणजे पाण्याच्या पाइपाच्या तोंडाला असतं ते पितळी नळकांडं, दोन्ही हातांनी कवटाळून भिंतीवर पाणी मारत होतो. आपण फार मोठी मर्दुमकी गाजवतोय अशी माझी समजूत होती. तेवढ्यात मागून एक आवाज आला. बँकेत ‘पुढच्या खिडकीवर जा’ म्हणतात ना, तितका थंड.

“आपण जरा चार पावलं मागे येण्याची कृपा कराल का?”

मला वाटलं, माझ्यामागे कोणी आमदार, नगरसेवक उभे असतील, त्यांना सांगतायत. मी मान वळवून बघितलं. आमदार नव्हते. शेलार नावाचा माझ्याहून दोन वर्षं जुना जवान होता. त्याने माझी कॉलर धरून असा काही हिसका दिला की मी पाठीवर आपटलो. मी उभा होतो त्या जागेवर भिंत आली.

सर जवळ आले आणि माझ्यावर वाकले. “हाडं मोजून घे,” म्हणाले, “आणि उद्यापासून व्याकरण शीक.”

सरांच्या हाताखाली टिकायचं तर व्याकरण यायलाच हवं होतं. ते तेव्हा आमच्या केंद्राचे अधिकारी होते. एरवी ते आम्हा सगळ्यांना अरे-तुरे करायचे. ‘तू’ म्हणाले म्हणजे सगळं ठीक चाललंय, तुझं काम कर. आगीसमोर उभे असताना त्यांनी ‘तुम्ही’ म्हटलं की डोळे उघडे ठेवायचे, काहीतरी बिनसतंय. आणि ‘आपण’ म्हटलं की हातातलं असेल ते टाकून बाहेर यायचं. त्यात पुढे ‘कृपया’ लागलं तर तुम्हाला आधीच उशीर झालेला असायचा. एवढ्या वर्षांत त्यांनी आमच्यावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. ते जितके सभ्य होत, तितकी आमची पाचावर धारण बसे.

यामागे त्यांचा एक सिद्धांत होता. “आगीत ओरडत कोण नाही?” ते म्हणायचे. “मालक ओरडतो, बघे ओरडतात, काचा फुटतात, पंप बोंबलतो. त्यात आणखी एक ओरडला तर नदीत चूळ टाकल्यासारखं. माणसाचा कान उभा राहतो तो वेगळ्या शब्दाला. शिव्यांच्या गर्दीत एक ‘कृपया’ सोडून बघ.”

याचा त्रास असा की पुढे जन्मभर कोणी आदराने बोललं की आम्हाला धास्ती वाटू लागली. एकदा ईदेला आम्ही सगळे सरांच्या घरी शीरखुर्मा खायला गेलो होतो. सर पाहुणचाराच्या भरात होते. शेलारची वाटी रिकामी बघून ते प्रेमाने म्हणाले, “आपण अजून घ्या ना.” शेलार वाटी ठेवून उठला आणि सरळ दाराबाहेर जाऊन उभा राहिला. आपण काय केलं हे त्याचं त्यालाच कळलं नाही. भाभी हसून हसून खाली बसल्या. म्हणाल्या, “मीसुद्धा तशीच. ह्यांनी घरात ‘आप’ म्हटलं की मी आधी गॅस बंद करते, मग विचारते काय झालं.”

सर पूर्वेकडच्या पेठेतले. वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. घरातली भाषा हिंदी-उर्दूकडे झुकणारी. मराठी ते महापालिकेच्या शाळेत एका बाईंकडून शिकले आणि त्या बाईंचा ळ आणि ण त्यांनी जन्मभर जपला. आमच्यातला कोणी घाईत ‘पानी सोडा’ म्हणाला की सर वळून विचारायचे, “आपल्या बंबात पाणी आहे. पानी हवं असेल तर दुसरी गाडी मागवू का?” आग समोर असली तरी ही सुधारणा होत असे. मग पाणी सुटत असे.

ते कधी धावायचे नाहीत. वर्दी आली, म्हणजे आग लागल्याचा फोन आला आणि घंटा वाजली, की आम्ही जिवाच्या आकांताने गाडीकडे पळायचो. सर चालत यायचे. चालत येऊनही ते आमच्याआधी गाडीत कसे बसलेले असत, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नाही. नंतर कळलं की त्यांचे बूट कायम गाडीच्याच दिशेने तोंड करून ठेवलेले असत, खुर्ची दाराशी असे, आणि चहा ते नेहमी अर्धाच घेत. “धावणारा माणूस म्हणजे ज्याची तयारी नव्हती असा माणूस,” असं ते म्हणायचे. हे वाक्य ते सकाळी टेकडीवर पळायला येणाऱ्या लोकांनाही ऐकवत, आणि ते लोक अर्थातच तोंडं वाकडी करीत.

कुठल्याही इमारतीत गेले की त्यांना आधी मागचं दार बघायचं असे. लग्नाला गेले तरी तेच, नवरा-नवरी नंतर. माझ्या लग्नात येरवड्याच्या कार्यालयात मागच्या दाराला शंभरेक खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. सरांनी व्यवस्थापकाला गाठलं. तो म्हणाला, “अहो, ते दार कोणी वापरतच नाही.” सर म्हणाले, “बरोबर आहे. ते वापरायची वेळ एकदाच येते, आणि ती आली की मग तुम्हाला विचारायला कोणी राहत नाही.” माझ्या लग्नाच्या फोटोंमध्ये पाहुणे आमच्याकडे बघतायत आणि पाठीमागे एक उंच, शिडशिडीत माणूस दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या घेऊन चाललाय. बायकोच्या माहेरची माणसं मला अजून विचारतात, तो वाढपी कोण होता.

या माणसावर माझा जीव होता. तो सांगेल ते मी डोळे मिटून करीत असे. एक गोष्ट सोडून, आणि तिनेच माझी वाट अडवली.

झालं असं की मी जवान म्हणून चांगला होतो. हे मी फुशारकीने सांगत नाही, सगळे म्हणायचे. गाडी थांबायच्या आत माझा पाय जमिनीवर असे, आणि पाइप खांद्यावर असे. धुरात पहिला मी. बारा वर्षं हे केल्यावर तांडेलाच्या परीक्षेची वेळ आली. तांडेल म्हणजे एका गाडीवरच्या चार-पाच जवानांचा म्होरक्या. ते प्रशिक्षण आणि त्याची परीक्षा तेव्हा सरांकडेच होती. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा उमेदवारांना विचारलं, “हा शब्द कुठला?” कोणालाच माहीत नव्हतं. “होडीवरचा,” ते म्हणाले. “पुण्यात समुद्र नाही, तरी तांडेल आहे. होडीवरचा तांडेल वल्हं मारत नाही. तो पाण्याकडे बघतो. ज्यांना वल्हं मारायची हौस आहे त्यांनी आत्ताच घरी जावं.” हे बोलताना ते माझ्याकडेच बघत होते.

पहिल्या वर्षी मी सपशेल नापास झालो. मैदानात पत्र्याची खोली धुराने भरली होती, चार जवान आत होते, मी बाहेर उभं राहून त्यांना चालवायचं होतं. पाइप कुठे तरी अडकला. मला राहवलं नाही. मी आत घुसलो, पाइप सोडवला, ब्रांच हातात घेतली आणि दोन मिनिटांत आग विझवून बाहेर आलो. टाळ्या पडतील अशी अपेक्षा होती.

“आत किती होते?” सरांनी विचारलं.

“चार, सर.”

“नीट मोज.”

मी बोटं मोजली. “चारच, सर.”

“पाच,” सर म्हणाले. “पाचवा तू. तुला कोणी मोजलं? बाहेर मोजणारा होता कोण?” मग कागदावर काहीतरी लिहिता लिहिता म्हणाले, “जवान म्हणून तुझ्यासारखा दुसरा नाही. म्हणून तर पंचाईत आहे.”

त्या वर्षी माझ्यानंतर लागलेली दोन पोरं तांडेल झाली आणि त्यातल्या एकाच्या गाडीवर माझी नेमणूक झाली. तो मला ‘दादा’ म्हणायचा आणि मग हुकूम सोडायचा. मला याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. घरी आई म्हणाली, “तुला काय कमी आहे रे? कर की नोकरी गुमान.” पण मला तांडेल व्हायचं होतं. खरं सांगायचं तर तांडेलाच्या खांद्यावरच्या पट्टीपेक्षाही मला हे सरांच्या तोंडून ऐकायचं होतं की हा माणूस माणसं सांभाळायच्या लायकीचा आहे. आणि सर त्यापुढच्याच वर्षी निवृत्त होणार होते. म्हणजे माझ्या हातात एकच परीक्षा उरली होती.

दुसऱ्या वर्षी मैदानात उतरलो तर सरांनी कँटीनमधून चहा मागवला. कपबशीत. काठोकाठ भरलेला. तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “आता चालव माणसं. बशीत थेंब सांडला तर तू हललास.”

पुढचे तीन आठवडे मी हातात चहा धरून आगी विझवल्या. दुसरे उमेदवार हसून बेजार. माझे हात शिवशिवायचे, समोर पाइपाला पीळ पडलेला दिसायचा आणि मी बशी सांभाळत उभा. पण हळूहळू एक गंमत व्हायला लागली. हात अडकलेले असले की डोळे मोकळे होतात. कोण दमलाय, कोणाच्या पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा संपत आलीय, धुराचा रंग कधी बदलला, हे मला दिसू लागलं. तेरा वर्षं मी आगीत होतो आणि आग मी पहिल्यांदा बघत होतो. तिसऱ्या आठवड्यात चहा निवून साय धरली तरी बशी कोरडी राहिली. सरांनी तो कप घेतला, सायीसकट प्यायले आणि म्हणाले, “साखर कमी आहे.” हे त्यांच्याकडून मिळालेलं पहिलं प्रशस्तिपत्रक.

दुसरं संकट भाषेचं. सरांचा आग्रह असा की तांडेलाने त्यांचीच बोली वापरायची, कारण सगळ्या जवानांचे कान त्याच बोलीला तयार झालेले. आणि मी येरवड्याचा. बुद्धविहाराशेजारच्या आमच्या गल्लीत लहान-मोठा असा भेदच नाही. आमची आई नगरसेवकालासुद्धा “आलास का रे बाबा?” म्हणते आणि तोही “आलो की आई” म्हणून ओट्यावर बसतो. माझ्या तोंडून ‘आपण’ निघायचं ते एखाद्याची टिंगल केल्यासारखं. मैदानात मी “आपण बाहेर यावं” म्हटलं की जवान हसत सुटायचे. हसतील तर बाहेर येणार कसे?

“रस्त्यात सराव कर,” सर म्हणाले. म्हणून मी सुरू केलं. रिक्षावाल्याला विचारलं, “आपण स्वारगेटला येण्याची कृपा कराल का?” त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मीटर टाकलं. मला वाटतं, मी कुठल्या तरी खात्यातला आहे असा त्याचा समज झाला असावा. आईला म्हटलं, “आपण जेवलात का?” तिने आधी माझ्या कपाळाला हात लावला आणि मग विचारलं, “सुनेशी भांडलास का?”

शेवटच्या आठवड्यात उमेदवाराने खऱ्या वर्दीवर तांडेलाचं काम करायचं आणि सरांनी मागे उभं राहून बघायचं, अशी पद्धत होती. माझ्या वाट्याला बुधवारची दुपार आली. शनिवार पेठेतल्या एका गल्लीत मंडप-डेकोरेटरचं गोदाम पेटलं होतं. माझ्या गाडीवर शेलार आणि आणखी दोन जवान. सर ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर परीक्षेचा कागद, खिशाला पेन. सिग्नलला गाडी अडली तेव्हा ते म्हणाले, “मी आज नाहीच असं समज.” मी मान हलवली.

गोदाम म्हणजे लांबट खोली. खाली पडदे, गाद्या, थर्माकोलच्या कमानी. वर लाकडी माळा आणि त्यावर सतरंज्या आणि गालिचे छतापर्यंत रचलेले. मालक रस्त्यावर उभा राहून सगळ्या देवांची नावं घेत होता. आत माणूस अडकलेलं नाही हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग तिघांना आत पाठवलं आणि स्वतः दाराशी उभा राहिलो. हातांचं काय करावं कळेना, म्हणून ते मागे बांधले.

काम झकास चाललं होतं. वीस मिनिटांत ज्वाळा बसल्या. माळ्यावरच्या गालिच्यांतून धूर येत होता, शेलार त्यावर पाण्याचा मारा करीत होता. एरवीचा मी त्याच्या शेजारी असतो आणि आम्ही दोघं मिळून विझली विझली म्हणत असतो. पण मी बाहेर होतो आणि मला एक गोष्ट दिसली. वर एवढं पाणी जातंय आणि खाली गळत नाहीये. जमीन जवळजवळ कोरडी होती. मग पाणी गेलं कुठे? गालिचे पीत होते. सुक्या गालिच्यांच्या वजनाने जो माळा आधीच वाकला होता आणि खालून भाजला होता, त्याच्या डोक्यावर आम्ही टाकीभर पाणी चढवून ठेवलं होतं. तुळईच्या सांध्यातून भुसा भुरभुरत होता, चाळणीतून पीठ पडावं तसा.

“आपण सर्वांनी कृपया बाहेर यावं,” मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. तिघंही हातातलं टाकून तीन उड्यांत रस्त्यावर आले. मी मोजले. एक, दोन, तीन. माझा जीव भांड्यात पडला, आणि मनात म्हटलं, झालो पास. हे सरांना दिसलं का बघायला वळलो तर ते उभे होते त्या विजेच्या खांबाशी कोणी नव्हतं.

“सर कुठं हायेत?” शेलारने विचारलं.

“ते मागच्या दाराने आत गेले की,” मालक म्हणाला. “म्हणाले, माळा बघतो जरा.”

मी आत डोकावलो. धुराच्या पलीकडे, खोलीच्या मागच्या टोकाला, माळ्याच्या अगदी खाली सर उभे होते. खांबावर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावत होते. ही त्यांची जुनी खोड. लाकूड बोलतं म्हणायचे. पाणी खाली येत नाही हे त्यांनाही दिसलं होतं आणि ते स्वतः बघायला गेले होते, कोणाला न सांगता.

“सर, आपण बाहेर यावं,” मी म्हणालो.

“हो, हो,” आतून आवाज आला. “माणसं काढलीस ना बाहेर? छान.” टकटक चालूच.

“सर, कृपया आपण ताबडतोब बाहेर या.”

“आलो रे. हा एक खांब बघतो.”

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या माणसाला सगळं शहर ‘आपण’ म्हणतं. आम्ही म्हणतो, मोठे साहेब म्हणतात, दूधवाला म्हणतो. त्या शब्दाने आम्ही पळतो. त्यांच्या कानाला तो रोजचा होता. आम्हाला वाचवायची त्यांनी एवढी तजवीज केली होती आणि स्वतःसाठी एक शब्द ठेवला नव्हता.

माळ्यातून कर्र असा आवाज आला. माझा उजवा पाय उंबऱ्याच्या आत पडला. दहा पावलं होती. मी पळत जाऊन त्यांना उचलून आणलं असतं, तेवढी ताकद माझ्यात होती. पण माझ्यामागून शेलार आला असता, त्याच्यामागून बाकीचे दोघं, आणि बाहेर मोजायला मालक आणि त्याचे देव. मी पाय मागे घेतला. आयुष्यात एवढं जड काम मी केलेलं नाही. आणि मग येरवड्याच्या गल्लीत संध्याकाळी आया पोरांना हाका मारतात तो आवाज माझ्या घशातून निघाला.

“ए! बाहेर ये तू! आत्ताच्या आत्ता ये!”

सर धावले. मागचं दार त्यांना जवळ होतं आणि त्यातून ते बाहेर पडलेले आम्ही पाहिले. हात-पाय सगळीकडे फेकत, शाळा सुटलेल्या पोरासारखे. मी मनात पाच मोजले असतील नसतील, तोवर अख्खा माळा खाली बसला. गल्ली धुळीने भरून गेली.

ते वळसा घालून आमच्याकडे आले तेव्हा टोपी नव्हती आणि केसांत भुसा होता. माझे तिन्ही जवान माझ्याकडे बघत होते, सरांकडे बघायची कोणाची छाती नव्हती. भर गल्लीत, लोकांदेखत, मी माझ्या साहेबांना ए म्हणालो होतो, आणि तेही परीक्षा चालू असताना. शेलार माझ्या कानाशी पुटपुटला, “गेलं आता तुझं ह्या वर्षीबी.”

सर गाडीच्या पायरीवर बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, “तू मला तू म्हणालास.”

“हो, सर. चुकलं माझं.”

“आत किती होते?”

“मी तीन मोजले, सर.”

“चार होते. तीन जवान आणि एक मूर्ख. तो सांगून गेला नाही, म्हणून मोजायचा राहिला.” त्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं. “मला वाटलं, अजून दोन मिनिटं आहेत. आत सगळ्यांनाच तसं वाटतं. जन्मभर हेच तर शिकवलं.”

मी पाइप गुंडाळायला वाकलो.

“सोड तो. तांडेल पाइप गुंडाळत नाही,” ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “अम्मी गेल्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर मला कोणी तू म्हटलेलं नाही. आमच्या घरातली भाषा वेगळी, पण हा शब्द दोन्हीकडे तोच. ती गॅलरीतून जेवायला हाक मारायची. आत ऐकू आलं आणि डोक्याने काही ठरवायच्या आत पाय निघाले.”

मी शेजारी बसलो. साहेबाच्या शेजारी पायरीवर बसायची रीत नाही, पण त्या दिवशी रीत आधीच मोडून झाली होती. आम्ही दोघं त्या ढिगाऱ्याकडे बघत होतो. मला रडू येत होतं, आणि ते आनंदाचं होतं की घाबरल्याचं, हे अजूनही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या उमेदवारांपुढे फळ्यावर गोदामाचा नकाशा काढला आणि एका फुलीवर खडू टेकवून म्हणाले, “हा एक वरिष्ठ अधिकारी. याला अक्कल नव्हती.” तासभर त्या अधिकाऱ्याची त्यांनी अशी काही सालटी काढली की नवीन पोरांनी मधल्या सुट्टीत मला विचारलं, कोण हो हा माणूस, अजून नोकरीत आहे का? माझ्याबद्दल मात्र सर एक अक्षर बोलले नाहीत. दोन दिवस मी जेवलो काय आणि झोपलो काय, माझं मला आठवत नाही. बायको म्हणाली, साहेबांना ए म्हणणाऱ्याला कोण म्होरक्या करतं? मलाही तसंच वाटत होतं.

शनिवारी सरांनी एकेकाला आत बोलावून निकालाचा कागद हातात दिला. माझी पाळी शेवटची. त्यांनी कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. ‘वर्तन’ असा एक रकाना होता. त्यात त्यांच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘वरिष्ठांना भर रस्त्यात एकेरी हाक मारतो.’ पुढचं वाचायचं नाही असं ठरवूनही नजर खालच्या ‘शेरा’ या रकान्यावर गेली.

‘पात्र. सदर वरिष्ठ हयात आहेत.’